चार वाजताचं खोटं

"वय झालं की होतंच असं" असं कुणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पूर्वी जात नव्हती. पूर्वी मीही तेच म्हणायचे आणि वर एक उसासा टाकायचे. हा राग मला कुंदाताईंनी लावला. चांगल्या माणसांच्या संगतीत चांगल्या सवयी लागतात म्हणे. मला संताप लागला आणि तो सोडायची माझी तयारी नाही.

कुंदाताई पेणला आमच्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवायच्या, मी मराठी. राहायलाही आम्ही एकाच इमारतीत, त्या पहिल्या मजल्यावर आणि मी दुसऱ्या. उंची बेताची, साडी कडक इस्त्रीची, आणि अंबाड्यात खोचलेलं लाल पेन. ते पेन त्या बाजारातसुद्धा काढून ठेवत नसत. लग्नपत्रिका आली की आधी तिच्यातल्या चुकांना लाल गोल करायच्या आणि लग्नाला जाताना आहेराबरोबर ती पत्रिका परत द्यायच्या. त्यांनी स्वतः लग्न का केलं नाही, हे विचारायची छाती पेणमध्ये कुणाला झाली नाही.

"कारण सांगा," हे त्यांचं पालुपद होतं. उत्तर बरोबर आलं तरी कारण सांगा, चुकलं तरी सांगा. शिपाई उशिरा आला तरी, संस्थेचे अध्यक्ष लवकर आले तरी. मुलगा खोटं बोलला तर त्या मारायच्या नाहीत. "ते खोटं बाहेर ठेवून ये, मग बस," एवढंच म्हणायच्या. मग तो खरंच दाराबाहेर जायचा, क्षणभर घुटमळायचा आणि खाली मान घालून परत यायचा.

एकदा तपासणी होती. गणपतीच्या आधीचे दिवस, त्यामुळे हमरापूरकडची पोरं घरच्या कारखान्यात रंगकामाला बसलेली. हेडसरांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, हजेरीपटावर पोरं हजर दाखवा. साहेब कुंदाताईंच्या वर्गात आले तेव्हा या बाई सरळ म्हणाल्या, "निम्मी मुलं इथं आहेत, निम्मी गणपती रंगवताहेत. ती तिकडे काय शिकताहेत ते मला माहीत आहे. इथली काय शिकली ते तुम्ही विचारून बघा." हेडसर आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. कुंदाताईंच्या ते लक्षातही आलं नाही.

अशा बाईवर काय वेळ आली ते सांगायचं आहे.

त्यांची आई रोह्याला असायची. सगळे तिला अक्का म्हणत. वडील धाटावच्या एका कंपनीत होते, वर्षानुवर्षं फर्स्ट शिफ्ट, दुपारी चारला घरी. ते गेले आणि अक्का रोह्यालगतच्या अष्टमी गावातल्या घरात एकट्या राहू लागल्या. त्यालाही दहा वर्षं झाली होती. स्वयंपाक, पूजा, अंगणातली अबोली, सगळं यथासांग. मग हळूहळू शेजाऱ्यांचे फोन यायला लागले. अक्का देवळातून येताना आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या होत्या, कुठे वळायचं ते कळेना. तांदूळ घातलेला कुकर त्यांनी कपड्यांच्या कपाटात ठेवला होता. शेजारी म्हणाले वय झालं. कुंदाताईंचा पुण्याचा भाऊ, अनिल, म्हणाला वय झालं. स्टाफरूममध्ये मी म्हणाले, "अहो, मलासुद्धा हल्ली डब्यात काय आणलंय ते आठवत नाही."

या 'वय झालं'पायी दोन वर्षं गेली. मग कुंदाताईंनी कुणाचं न ऐकता अक्कांना पेणला आणलं, इथल्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि तिथे तपासण्या होऊन नाव कळलं. अल्झायमर. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी स्टाफरूममधल्या फळ्यावर मेंदू काढला, कानाच्या आतल्या बाजूला खडूनं एक गोळा भरला आणि आम्हा सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या, "सुरुवात बहुधा इथून होते. नवं साठवायची जागा ही. म्हणून सकाळचं आठवत नाही आणि पन्नास वर्षांपूर्वीचं आठवतं. पेशी मरतात. हे विसराळूपण नाही, नाटक नाही, लाडही नाहीत." मग माझ्याकडे वळून, "तुला डब्यात काय आहे ते आठवत नाही. तिला डबा उघडायचा असतो हे आठवत नाहीसं होणार आहे. फरक कळला?"

मला कळला. मान वर करून बघायची मात्र हिंमत झाली नाही.

"औषधानं ती बरी होणार नव्हती," त्या फळा पुसता पुसता म्हणाल्या, "पण ती दोन वर्षं मी तिच्यावर ओरडले नसते."

फळ्यावर सगळं बरोबर काढलं, आणि घरी जाऊन कुंदाताईंनी जी चूक केली ती फक्त एक मास्तरीणच करू शकते. त्यांनी अक्कांची शाळा सुरू केली. वही घातली. रोज सकाळी तोंडी परीक्षा, दहा गुणांची. आज वार कोणता? महिना? तुझ्या मुलाचं नाव? आपण कुठल्या गावात आहोत? उत्तर चुकलं की बरोबर उत्तर तीनदा म्हणून घ्यायचं. गुण लाल पेनानं मांडायचे. सात, सहा, सहा, चार. मी एकदा सकाळी पेपर मागायला गेले तर अक्का खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि माझ्याकडे अशा आशेनं बघत होत्या की मी वार सांगेन. मी सांगितला नाही. कुंदाताई बघत होत्या ना.

आणि रोज दुपारी चार वाजता मोठी परीक्षा. शाळा सकाळची, त्यामुळे कुंदाताई तेव्हा घरीच असत. अक्का उठून दारात जाऊन बसत आणि विचारत, "हे आले नाहीत गं अजून?"

"आई, बाबा गेले. बारा वर्षं झाली."

मग जे होई ते मला दुसऱ्या मजल्यावर ऐकू यायचं. अक्का रडायच्या. बारा वर्षांपूर्वीचं नव्हे, त्या क्षणाचं रडायच्या. मला का नाही सांगितलं? कधी नेलं? मला शेवटचं बघू का दिलं नाही? अर्ध्या तासानं सगळं पुसलं जायचं. डोळे तेवढे सुजलेले राहायचे, कशानं ते अक्कांनाही ठाऊक नसायचं, आणि त्या पुन्हा दारात येऊन बसायच्या. "हे आले नाहीत गं अजून?" आणि कुंदाताई पुन्हा सांगायच्या, कारण खरं ते खरं.

हे थांबवलं सुमननं. ती डोलवीकडची, नवरा तिथल्या स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला. ही दिवसभर अक्कांचं करायची. न्हाऊ घालणं, भरवणं, बाथरूमचं दार आतून लावू न देणं, सगळं तिच्याकडे. शाळा चौथीपर्यंत. एकदा अक्कांना कसंबसं निजवून ती पदराला हात पुसत कुंदाताईंसमोर उभी राहिली. मी तिथेच होते.

"बाई, रागवू नका. एक बोलू?"

"बोल."

"म्हातारीचा दादला तुमी रोज चार वाजता मारता."

कुंदाताईंनी कारण विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

"त्या ईसरतात तं ईसरू द्या ना. आजार हाय तो, तुमीच तं सांगितलाव मना. सांगा का कामाव गेलेत. येतील म्हनावं. तुमचा काय जातो?"

तुमचं काय जातं! कुंदाताईंचं काय जात होतं ते मला माहीत होतं, सुमनला कुठून माहीत असणार? दुसऱ्या दिवशी चार वाजता मी मुद्दाम खाली गेले. अक्का दारात बसल्या, विचारलं. कुंदाताईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "आज ओव्हरटाइम आहे बाबांना."

अक्कांचा चेहरा खुलला. "हो का? मग डबा पुरला असेल का गं? उद्या एक पोळी जास्त देते." आणि उठून, शांतपणे, आत चहाला गेल्या. एवढंच. इतकी वर्षं ज्या बाईनं पोरांना खोटं बाहेर ठेवून यायला लावलं, तिनं ते स्वतःच्या हातानं घरात घेतलं. मला वाटलं त्यांना हलकं वाटेल. छे! दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी तीन खडू मोडले आणि शाळा सुटल्यावर माझ्यावर डाफरल्या, "अगं, सोपं होतं! इतकं सोपं होतं, आणि मी तिला सहा महिने रडवलं!" परीक्षेची वही त्यांनी त्याच संध्याकाळी फाडली आणि बंबात घातली.

त्या उन्हाळ्यात अक्कांनी 'घरी जायचंय'चा धोशा लावला. एका रविवारी आम्ही तिघी गाडीनं रोह्याला निघालो. नागोठणं गेलं, निडी स्टेशन आलं तशा अक्का सावरून बसल्या, पदर नीट केला, "आलं बाई," म्हणाल्या. रिक्षानं अष्टमीला गेलो. कुंदाताईंनी कुलूप काढलं. अक्का पडवीत उभ्या राहून इकडेतिकडे बघत होत्या. भिंतीवर त्यांच्याच लग्नातला फोटो होता. मग लेकीचा हात धरून हळूच म्हणाल्या, "कुणाचं गं हे घर? चल, आपल्या घरी जाऊ. ह्यांची यायची वेळ झाली."

परतीच्या गाडीत अक्का माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या. कुंदाताई खिडकीबाहेर बघत होत्या. "तिला जिथे जायचंय तिथे बाबा जिवंत आहेत," त्या म्हणाल्या. "तिकडे कुठली गाडी जाते सांग मला."  

आता कुंकवाचं. नवरा गेला त्या दिवशी अक्कांनी स्वतः कुंकू पुसलं होतं. कुंदाताई तेव्हा आईशी कडाकडा भांडल्या होत्या, कारण सांग म्हणून. अक्कांनी ऐकलं नव्हतं. आता आरशात बघितलं की त्या दचकायच्या. मोकळं कपाळ बघून ओरडायच्या, "ह्यांना काय झालं? सांगा ना कुणीतरी!" ओव्हरटाइमचं खोटं आरशापुढे टिकेना. आरसा झाकून बघितला, तर त्या ताटात, काचेत, स्टीलच्या पिंपात बघायच्या. शेवटी कुंदाताईंनी करंडा आणला आणि रोज सकाळी न्हाणं झालं की आईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावायला सुरुवात केली. हातात हिरव्या बांगड्या भरल्या. अक्का आरशात बघून हसायला लागल्या.

चैत्रात आमच्या इमारतीत हळदीकुंकू असतं, वाटली डाळ, पन्हं, सगळं. कुंदाताई कधी जायच्या नाहीत. त्या वर्षी अक्का हट्टानं नटून बसल्या म्हणून त्यांना घेऊन आल्या. यजमानीणबाई एकेकीला हळदीकुंकू लावत रांगेनं येत होत्या. अक्कांनी कपाळ पुढे केलं, डोळे मिटले. यजमानीणबाईंचा हात थबकला आणि त्या पुढच्या बाईकडे सरकल्या. अक्का तशाच, डोळे मिटून, कपाळ पुढे करून.

"इकडे राहिलं," कुंदाताई म्हणाल्या.

"अहो, म्हणजे... त्यांचे मिस्टर... माहीत आहे ना सगळ्यांना."

"सगळ्यांना माहीत आहे, तिला नाही. लावा."

"आपली रीत असते, कुंदाताई. बाकीच्या सवाष्णी बसल्यात."

"कारण सांगा."

"यात कारण कसलं..."

"कारण सांगा! माझ्या आईच्या कपाळाला बोट लावलं तर तुमच्यापैकी कुणाचा नवरा मरणार आहे, एकेकीनं उभं राहून सांगा!"

कुणी उठलं नाही. मी चौथ्या खुर्चीवर होते. माझ्या हातात डाळीची बशी होती आणि मी ती अशी घट्ट धरली होती की जणू तीच सोडवत नव्हती म्हणून मी उठले नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या बायकांवर मी चिडते, पण त्यांच्यात मी होते. कुंदाताईंनी तबकातलं कुंकू चिमटीत घेतलं, आईला लावलं, आणि अक्कांनी डोळे उघडून सगळ्यांकडे बघत गोड हसून विचारलं, "झालं? आता नाव घ्यायचं का?"

त्यांनी नाव घेतलं. पूर्ण उखाणा, एक शब्द न चुकता. त्या सभेत टाळ्या वाजवणाऱ्या एकट्या कुंदाताई होत्या.

ही बातमी पुण्याला पोचायला वेळ लागला नाही. अनिल आला. वर्षातून दोनदा यायचा, मिठाईचा खोका घेऊन. अक्का पाहुण्यासमोर नेहमीच व्यवस्थित वागत. "या, बसा. प्रवास कसा झाला? चहा घेणार?" तो कोण हे त्यांना कळलं नव्हतं, पण पाहुणचार हाडात मुरलेला होता. अनिल तासाभरात निदान करून मोकळा झाला. "ठणठणीत आहे आई. फोनवरही माझ्याशी छान बोलते. तूच तिला आजारी करून ठेवलंयस."

"दोन दिवस राहा."

"मला संसार आहे, कुंदा. तुला काय, तू एकटी." मग कुंकवावर आला. इथे मात्र त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हे मी मान्य करते. तो म्हणाला, "आईनं स्वतःच्या हातानं कुंकू पुसलं होतं. तू भांडलीस तरी ऐकलं नाही. तिला शुद्ध असती तर तिनं हे सोंग चालू दिलं असतं? तू तिचा मान ठेवतेस की आपला हट्ट पुरा करतेस?"

कुंदाताईंनी आईच्या कपाळावरचं विस्कटलेलं कुंकू बोटानं नीट केलं. मग म्हणाल्या, "ती आई गेली, अनिल. तिचं ऐकायला हवं होतं मला, खरंच. पण आज भीती वाटते ती या आईला. मी हिचं ऐकणार."

चार वाजले. अक्का दारात जाऊन बसल्या. "हे आले नाहीत गं अजून?"

कुंदाताई तोंड उघडणार तोच अनिल आईसमोर गुडघ्यावर बसला, तिचे हात हातात घेतले आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "आई, बाबा जाऊन बारा वर्षं झाली. तुला ठाऊक आहे. आठव बघू."

आधी बांगड्या फुटल्या. अक्कांनी त्या उंबऱ्यावर आपटल्या. मग कपाळावर हात चोळचोळून कुंकू पुसलं, ते सगळ्या तोंडाला माखलं. तो आवाज मी वरच्या मजल्यावर नव्हे, समोर उभं राहून ऐकला. अनिल घाबरून मागे सरकला. सुमननं अक्कांना पोटाशी धरलं आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "कशाला गो बाय, कशाला रडतंस. हाय तो, हाय. खोटा बोलतो हा बाबा, नाय आयकायचा त्याचा."

कुंदाताईंनी भावाची बॅग जिन्यात ठेवली. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "तुझं खरं घेऊन पुण्याला जा," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात ते परत आणू नकोस." तो मिठाईचा खोका विसरून गेला. अक्कांनी तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. का, ते त्यांना सांगता येत नव्हतं.

त्यानंतर दीड वर्ष ओव्हरटाइम चालला. कुंदाताई खोटं बोलण्यात तरबेज झाल्या. आज डबल ड्यूटी आहे, आज साहेब आलेत, आज मशीन बंद पडलं म्हणून थांबलेत. त्यांच्या वडिलांनी जन्मात जेवढं काम केलं नसेल तेवढं मेल्यावर करवून घेतलं, असं त्या स्वतःच म्हणायच्या, आणि हसायच्या नाहीत. मग माझी नेमणूक संस्थेच्या नागोठण्याच्या शाळेत झाली आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. अक्का पुढच्या पावसाळ्यात गेल्या, कुंदाताई निवृत्ती घेऊन रोह्याच्या घरी राहायला गेल्या. फोन उचलत नाहीत. उचलतील तेव्हा आधी माझ्यावर ओरडतील.

नागोठण्याला जायच्या आधी निरोप घ्यायला मी खाली गेले होते, ती दुपार सांगायची राहिली. पावणेचार झाले असतील. अक्का खूप वाळल्या होत्या, खिडकीपाशी बसल्या होत्या. चार वाजले. त्या उठल्या नाहीत. सव्वाचार झाले. कुंदाताई दोनदा घड्याळाकडे बघून आल्या आणि शेवटी न राहवून स्वतःच म्हणाल्या, "आई, बाबांना आज ओव्हरटाइम आहे हं."

अक्कांनी मान वळवली. चेहऱ्यावर तेच पाहुण्यांसाठीचं हसू. "कोण? तुमचे वडील का?"

कुंदाताई उभ्याच राहिल्या. "हो," म्हणाल्या. "माझे वडील."

"कुठे असतात ते?"

 सुमन हातातलं काम टाकून दारात आली. कुंदाताईंना आता कुठलंच खोटं लागत नव्हतं.

"वारले ते," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षं होतील आता."

"अरेरे!" अक्का कळवळल्या. त्यांनी लेकीचा हात ओढून जवळ घेतला आणि त्यावरून आपला हात फिरवत राहिल्या. "वाईट वाटून घेऊ नका हो. आई आहे ना तुम्हाला?"

कुंदाताईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मग कुणाशी तरी भांडावं तशा आवाजात म्हणाल्या, "आहे."